बिनधुराच्या शेगडीबाबत थोरल्या जावेचे म्हणणे

येरवडा, पुणे. तारीख १९ डिसेंबर २००३.

माझे नाव इंदुबाई श्रीधर रणपिसे, वय ४३ वर्षे, धंदा झुणका-भाकर विक्री, राहणार बुद्धविहारामागची चाळ, येरवडा, पुणे ६. शिक्षण सातवी पास. मला लिहिता-वाचता येते.

मला पोलीस ठाण्यात बोलावून समोरासमोर विचारले, त्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती श्रीधर, दोन मुली, सासू चंद्रभागाबाई, धाकटे दीर संजय आणि त्यांची बायको शर्मिला, वय २९, असे एकत्र राहतो. खोल्या तीन, अंगण एक, मोरी एक. पती एका कॉम्प्युटर कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. दीर रिक्षा चालवतात. मी त्याच कंपनीसमोर फुटपाथवर बालदीची शेगडी मांडून भाकरी थापते. कंपनीतली पोरेपोरी गळ्यात पट्टा अडकवून येतात आणि "काकी, तुमच्या पिठल्याला स्मोकी फ्लेवर मस्त असतो," असे सांगतात. धुराने माझे डोळे गळतात, त्याला ते फ्लेवर म्हणतात.

माझी नणंद नंदा, राहणार बिबवेवाडी, हिने अशी तक्रार दिली आहे की, शर्मिलाने पेटती शेगडी सासूबाईंच्या बंद खोलीत ठेवली आणि ती बाहेर निघून गेली, त्यामुळे सासूबाई बेशुद्ध पडल्या. या तक्रारीवरून शर्मिलाला काल दिवसभर ठाण्यात बसवून ठेवले होते. आजही ती बाहेरच्या बाकावर आहे. तक्रार खरी ठरली तर तिच्यावर निष्काळजीपणाची केस होईल आणि ती ज्या संस्थेत काम करते ती संस्था तिला काढून टाकेल, असे मला समजले आहे. सासूबाई शुद्धीवर आल्या आहेत, पण त्यांना त्या सकाळचे काहीच आठवत नाही. घरात दुसरे कोणी नव्हते. त्यामुळे माझ्या सांगण्यावर बरेच अवलंबून आहे असे हवालदार साहेबांनी मला दोनदा समजावले. एकदाच सांगितले असते तरी कळले असते.

शर्मिलाचे काम काय, असे विचारल्यावरून सांगते. दीड वर्षापूर्वी कर्वेनगरमधील एका संस्थेच्या मॅडम आमच्या चाळीत आल्या. त्यांची संस्था लाकूड आणि कोळशावर चालणारी, कुठेही उचलून नेता येणारी शेगडी बनवते. बाहेरून पत्रा, आतून मातीचा जाड लेप, खाली राख पडायला जाळी आणि वारा कमीजास्त करायला एक झडप. त्यांना ही शेगडी लोकांना पेटवून दाखवायला वस्तीतली एक बाई पाहिजे होती, पगारी. त्यांनी आमच्या अंगणात उभे राहून विचारले की, या घरात रोजचा स्वयंपाक शेगडीवर कोण करते? तेव्हा माझे हात पिठाने भरलेले होते आणि परात माझ्या पुढ्यात होती. मी उठून उभी राहिले. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ही नको. हिचं तोंड वाईट आहे, गिऱ्हाइकं पळतील तुमची. आमची शर्मिला न्या. बारावी शिकलीय, गोड बोलती." मॅडम हसल्या आणि शर्मिलाला घेऊन गेल्या. मी परत बसले व राहिलेल्या भाकरी केल्या.

तुम्हाला राग आला होता का, असे हवालदार साहेबांनी विचारले. राग आला नव्हता. पोटात दुखले होते. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, तसेच लिहावे.

तेव्हापासून शर्मिला खांद्याला पर्स लावून कामाला जाते. विहाराच्या अंगणात, नव्या इमारतींवरच्या मजुरांच्या झोपड्यांत, कर्वेनगरच्या सोसायट्यांत ती शेगडी पेटवून दाखवते. सोसायट्यांतल्या लोकांकडे गॅस आहे, मायक्रोवेव्ह आहे, तरी त्यांना गच्चीवर वांगी भाजायला आणि सिंहगडाकडे सहलीला न्यायला शेगडी लागते. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, तो सासूबाईंनी फ्रेम करून भिंतीवर लावला. माझ्या लग्नाच्या फोटोला खिळा मिळाला नाही म्हणून तो अजून ट्रंकेत आहे. शर्मिला बोलताना गोड बोलते हे मात्र खरे आहे. मला अक्का म्हणते. पगार झाला की माझ्या मुलींना वह्या आणते. ते जास्त झोंबते.

आमच्या दोघींतून विस्तव जात नाही असे नणंदेने तक्रारीत लिहिले आहे. ते खोटे आहे. रोज सकाळी शर्मिलाची शेगडी आधी पेटते, आणि मी तिच्यातले दोन निखारे पत्र्यावर घेऊन माझी बालदी पेटवते. चाळीत पूर्वीपासून अशीच पद्धत आहे, ज्या घरी आधी पेटते तिथून बाकीच्यांनी विस्तव न्यायचा. वीस वर्षे चाळीतल्या बाया माझ्याकडून विस्तव न्यायच्या. आता त्या शर्मिलाकडे जातात, आणि मीही जाते.

ती शेगडी कशी वापरायची हे शर्मिला घरात आणि लोकांना काय सांगायची, याबद्दल विचारले. मी सर्व सांगू शकते, कारण मी तिची जमतील तितकी प्रात्यक्षिके पाहिली आहेत. तिला ते माहीत नाही. विहारात मी खांबामागे उभी राहायचे. मजुरांच्या झोपड्यांत डोक्यावरून पदर ओढून बायांत बसायचे. कर्वेनगरच्या सोसायटीत तर भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन, भाकरी विकायला आले असे वॉचमनला सांगून शिरले. जाण्याचे कारण विचारले. ती कधीतरी चुकेल ते बघायला जात होते. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी सगळ्यांसमोर उठून "असं नाही, असं" म्हणायचे आणि तिच्या हातातला चिमटा घ्यायचा, असे मी ठरवले होते. एवढ्यासाठी मी धंदा बुडवला, पीएमटीत उभे राहून कर्वेनगर गाठले, आणि पतीला सांगितले की, सर्दीचे औषध आणायला चालले आहे. त्या वर्षात मला एकदाही सर्दी झाली नाही.

ती सांगायची ते असे. शेगडी सपाट जमिनीवर ठेवायची, गोणपाटावर किंवा लाकडी पाटावर नाही. पेटवायची ती घराबाहेर. पदर खोचून घ्यायचा, ओढणी पाठीमागे बांधायची. शेजारी वाळूचा डबा. आधी खालची राख झाडायची, कारण जाळी तुंबली की वारा येत नाही आणि मग बाया रॉकेल ओततात. रॉकेल ओतायचे नाही. तळाशी कोळसा, वर बारीक वाळलेल्या काटक्या, आणि झडप पूर्ण उघडी. धग धरली की झडप अर्धी लावायची. लाकूड बोटाएवढे चिरलेले आणि पूर्ण सुकलेले हवे. तोंडाशी येईल तेवढेच घालायचे, कोंबायचे नाही. भांड्यावर झाकण ठेवायचे. झाकण ठेवले की कोळसा निम्मा लागतो, हे मी पुढे माझ्या धंद्यात करून पाहिले. लागतो निम्मा. मी तिला ते बोलले नाही.

आणि दरवेळी शेवटी ती शेगडीसमोर उभी राहून हात वर करून सांगायची, "आता सगळ्यांनी इकडे बघा. धूर दिसत नाही म्हणून ही शेगडी घरात न्यायची नाही. कोळसा धुमसतो तेव्हा त्यातून जो वायू निघतो त्याला वास नसतो. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही, नुसती झोप येते. ती झोप उतरत नाही. दार-खिडकी लावून उबेला शेगडी घेऊन बसलात तर सकाळी उठवायला कोणी तरी लागेल." हे ती मजुरांना सांगायची, सोसायटीतल्या मॅडमना सांगायची, आणि विहारात आमच्या चाळीतल्या बायांनाही तिने सांगितले. एकदा पाऊस आला आणि सगळे पळायला लागले, तेव्हा ती छत्री धरून गेटपर्यंत त्यांच्या मागे सांगत गेली. मी त्या दिवशी गेटजवळच होते. आज राहून जाणार अशी मला आशा होती.

विहारातल्या प्रात्यक्षिकाला सासूबाई पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी हे ऐकले होते का, असा प्रश्न विचारला. शर्मिला शेवटचे सांगत असताना सासूबाई शेजारच्या सोनूच्या आजीच्या कानाला लागून बोलत होत्या. मी खांबामागून स्पष्ट ऐकले. त्या म्हणाल्या, "ही माझी धाकटी. बघ कशी बोलती, मास्तरणीसारखी. शेगडीला धूरच नाही बघ, उशाशी घेऊन झोपावं." आणि दोघी हसल्या. सुनेचे कौतुक सांगण्याच्या नादात सुनेचे बोलणे त्यांच्या कानात शिरले नाही. माझे कौतुक करताना त्यांचे लक्ष असे कधी विचलित झालेले नाही, कारण तशी वेळ आलेली नाही.

घटनेच्या दिवशी म्हणजे परवा बुधवारी सकाळी थंडी फार होती. शर्मिलाने नेहमीप्रमाणे अंगणात शेगडी पेटवून चहा आणि डबा केला. मी निखारे नेले. तिचे झाल्यावर तिने उरलेले निखारे चिमट्याने पत्र्याच्या डब्यात काढून झाकण दाबले, झडप बंद केली, शेगडी मोरीच्या कडेला ठेवली, आणि संजयच्या रिक्षातून कर्वेनगरला गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. निखारे काढायचे विसरते का, हे मी रोज बघते. शेगडीला हात लावून पाहिला. कोमट होती, आत राख होती, विस्तव नव्हता.

त्यानंतर पती ड्यूटीवर व मुली शाळेत गेल्या. मी बालदीत चिरफाळ्या पेटवून ठेवल्या होत्या, ती बालदी सासूबाईंच्या दाराला लागूनच होती. पीठ संपले म्हणून मी गिरणीत गेले. सासूबाई उन्हात गोधडी घेऊन बसल्या होत्या. जाताना मी विचारले, "आत्या, बालदी जवळ सरकवू का? शेका जरा." त्या म्हणाल्या, "नको बाई, तुझ्या धुरानं जीव जातो माझा." मी गेले. गिरणीत लाइट गेल्यामुळे गर्दी होती. मला यायला उशीर झाला.

परत आले तेव्हा सासूबाई अंगणात नव्हत्या. त्यांच्या खोलीचे दार आतून लावलेले होते. मोरीच्या कडेला शेगडी नव्हती. निखाऱ्यांचा डबा आडवा पडला होता, झाकण बाजूला होते. माझ्या कोळशाच्या गोणीचे तोंड सोडलेले होते. मी हाका मारल्या, उत्तर आले नाही. खिडकी बंद होती आणि फटीत जुने लुगडे कोंबलेले होते. ते आतून कोंबलेले होते, हे पंचनाम्यात आले असेल. मी वरवंट्याने काच फोडली, हात घालून खिडकीची आणि मग दाराची कडी काढली. दार आणि खिडकी एकाच कोपऱ्यात आहेत म्हणून जमले. सासूबाई खाटेवर गोधडीत होत्या, चेहरा लालबुंद, तोंडातून फेस. शेगडी खाटेच्या बाजूला, उशाच्या अंगाला. तिच्यात कोळसा फुललेला होता. खोलीत धुराचा मागमूस नव्हता.

आधी सासूबाईंना ओढत उंबऱ्याबाहेर आणले, मग आत जाऊन शेगडी उचलून बाहेर फेकली. चिमटा शोधत बसले नाही. गल्लीतला भैरू टेम्पोवाला घरी होता, त्याच्या टेम्पोतून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सांगितले की, अजून थोडा उशीर झाला असता तर काही करता आले नसते.

एक गोष्ट कोणी विचारली नाही ती मीच सांगते. दाराला लागून माझी बालदी होती. मोरी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आहे. सासूबाईंनी माझी बालदी आत नेली असती तर दोन मिनिटांत खोली धुराने भरली असती, त्या खोकत बाहेर आल्या असत्या, मला चार शिव्या दिल्या असत्या आणि आज आपण कोणी इथे बसलो नसतो. पण त्यांनी अंगण ओलांडून शर्मिलाची शेगडी आणली. कोळसा माझ्या गोणीतला घेतला आणि शेगडी तिची घेतली. धाकटीच्या वस्तूने आपल्याला काही होणार नाही असा त्यांचा विश्वास होता. असा विश्वास माझ्या बालदीच्या वाट्याला आला नाही.

दवाखान्यात रात्रभर मी त्यांच्या उशाशी होते. दोन्ही तळहातांना मलम लावून पट्ट्या बांधल्या होत्या, त्यामुळे मला पाण्याचा पेलाही धरता येत नव्हता. काल सकाळी उशिरा त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितले, माझ्या हातांकडे बघितले, आणि म्हणाल्या, "शर्मिला जेवली का?" शर्मिला त्या वेळी ठाण्यात होती. मी म्हणाले, "जेवली." 

नणंद नंदा काल दवाखान्याच्या जिन्यात मला भेटली. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही फक्त एवढंच सांगा की शेगडी शर्मिलानं आत ठेवली. आईनं माझ्याकडे यायचं सोडलं ते हिच्यापायी. हिला एकदा कळू दे. आणि संस्थेच्या मॅडमशी मी बोललेय. हिला काढलं तर त्यांना याच वस्तीतली बाई लागणार आहे. त्या म्हणाल्या, थोरल्या चालतील." ती वर गेली. मी जिन्यातच बसले. थोरल्या चालतील, हे शब्द दीड वर्ष उशिरा आले, पण आले. मी मनातल्या मनात पर्ससुद्धा खांद्याला लावून पाहिली. विहारात मी उभी आहे, हातात चिमटा आहे, आणि मी बोलते आहे, असे सगळे दिसले. मला सगळे पाठ होते. शेवटचा भाग आला, धूर दिसत नाही म्हणून शेगडी घरात न्यायची नाही, आणि तिथे मला पुढे बोलता येईना. कारण ते वाक्य म्हणताना मला शर्मिलाचाच आवाज ऐकू येत होता, आणि तेच तिने स्वतः मोडले असे खोटे सांगून मी तिथे उभी राहिलेली असणार होते.

म्हणून स्पष्ट सांगते की, शेगडी शर्मिलाने आत ठेवलेली नाही. ती घरातून गेली तेव्हा शेगडी विझलेली आणि अंगणात होती. सासूबाईंनी डब्यातल्या निखाऱ्यांवर माझा कोळसा पेटवून ती स्वतः आत नेली. बंद खोलीत नेऊ नये हे शर्मिलाने त्यांच्यासमोर सांगितले होते, त्यांनी ऐकले नाही. शर्मिलाची चूक मी वर्षभर शोधत आहे. मला सापडली असती तर मी ती इथे पळत येऊन सांगितली असती, मला बोलावणे पाठवावे लागले नसते. तिची चूक नाही. हे सांगणे माझ्या जिवावर आले आहे.

रविवारी कर्वेनगरच्या सोसायटीत प्रात्यक्षिक ठरलेले आहे. ते कोणी करायचे असे संस्थेच्या मॅडमनी आताच बाहेर मला विचारले. शर्मिला करेल असे मी सांगितले. मला यायला आवडेल का, असेही त्यांनी विचारले. त्याचे उत्तर या जबाबाशी संबंधित नाही.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितल्याप्रमाणेच तो आहे, एक वाक्य सोडून. "माझी धाकट्या जावेवर बहिणीसारखी माया आहे," असे वाक्य साहेबांनी शेवटी आपल्या मनाने घातले होते. ते मी बोललेले नाही. ते ठेवले तर मी मायेपोटी तिची बाजू घेतली असे कोणीही म्हणेल आणि या जबाबाला काडीची किंमत राहणार नाही. माझा तिच्यावर जळफळाट आहे, म्हणूनच मी तिच्यावर डोळा ठेवून होते, आणि म्हणूनच मी सांगते ते खरे आहे. तेव्हा ते वाक्य माझ्यासमोर खोडून घेतले. बाकी सर्व बरोबर आहे.